हळू बोलणारं घर

अक्काने ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा काढली ती धाकट्या भावाची नोकरी सोडवायला. पर्समध्ये राजीनाम्याचा अर्ज होता. तिनेच लिहिलेला, भावाच्या वतीने, खाली सहीपुरती जागा कोरी ठेवून. आधी कारखान्याच्या मालकीणबाईंच्या कानावर घालायचं, त्यांचा होकार मिळवायचा, आणि संध्याकाळी धाकट्याला सांगायचं की सगळं ठरलंय, तू फक्त सही कर. अक्का जन्मभर अशीच आली होती, माणसाला न विचारता त्याचं भलं करत.

तिला नावं ठेवणं सोपं आहे. पण बारा वर्षं तिने भावासाठी जे केलं ते सख्खी आईसुद्धा करताना थकली असती, आणि थकलीच होती. वडील लवकर गेले. घरात आई, सत्तेचाळीस वर्षांची अक्का आणि चौतीस वर्षांचा धाकटा. अक्का शहरातल्या जुन्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या काउंटरवर बसते. चोवीस वर्षांत तिचा आवाज कोणी चार हातांवरून ऐकलेला नाही. वाचनकक्षात कोणी जरा मोठ्याने बोललं की ती नुसती मान वर करून बघते, आणि भलेभले वकील-प्राध्यापक ओशाळून खुर्चीत खाली सरकतात. ग्रंथालयातले लोकही तिला अक्काच म्हणतात, आणि टरकून असतात.

धाकटा बावीस वर्षांचा होता तेव्हा हे सुरू झालं. तो नकाशे काढायला शिकत होता, शेवटचं वर्ष. आधी जेवण तुटलं, मग झोप. मग त्याने खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली. भिंतीपलीकडे दोन पुरुष आणि एक बाई सतत माझ्याबद्दल बोलतात, असं तो म्हणायला लागला. आई रागारागाने शेजाऱ्यांना जाब विचारायला गेली, तर त्यांच्या दाराला कुलूप. ते महिनाभर गावालाच नव्हते.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. गोळ्या दिल्या. हा मेंदूचा आजार आहे, ह्यात आईचं काही चुकलेलं नाही, हे दोनदा सांगितलं. आईने मान डोलावली आणि आजतागायत विश्वास ठेवला नाही. लहानपणी एकदा त्याला अंधाऱ्या माळ्यावर कोंडलं होतं, त्याचंच हे फळ, असं ती अजूनही मनात धरून आहे.

नातेवाइकांना तर ऊतच आला. लग्न करून द्या, ताळ्यावर येईल, असं काका म्हणाले. त्या गोळ्यांची सवय लागते, बंद करा, असं काकू म्हणाली. शेजारणीने सुऱ्या-विळ्या कुलपात ठेवायला सांगितल्या, आणि आईने त्या खरोखर पिठाच्या डब्यात पुरल्या. ज्याने बारा वर्षांत कुणावर हात उगारला नाही, स्वतःचं घड्याळ सोडलं तर एक वस्तू फोडली नाही, त्याच्या घरात टोमॅटो बोथट चमच्याने चेपून भाजीत पडायला लागले. आत्याचं निराळंच. ह्या आजारात एका अंगात दोन माणसं राहतात, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ती दारातूनच आईला विचारायची, "आज कोण आहे घरात? आपला, की तो दुसरा?" एकदा धाकट्यानेच आतून उत्तर दिलं, "दोघंही बाहेर गेलेत आत्या. मी एकटाच आहे. या." आत्या चहा न घेता गेली.

अक्का ह्या सगळ्यांना हसायची. हसायचा तिला अधिकार होता, तिने ह्या आजारावरची तीन पुस्तकं वाचली होती. दोन माणसांची गोष्ट खोटी, लग्नाचा तोडगा खोटा, सुऱ्यांची भीती खोटी, हे ती आईला समजावून सांगायची. गोळ्या डोळ्यांत तेल घालून द्यायची, इस्पितळाची तारीख कधी चुकवली नाही. पण शिकल्यासवरल्या माणसाच्या डोक्यातही एखादा कोपरा असतोच, जिथे पुस्तक पोचत नाही. अक्काच्या त्या कोपऱ्यात एक समजूत होती, आणि ती तिला कुणी सांगितली नव्हती, तिची तिनेच काढली होती. साखरेचा आजार असला की साखर बंद करतात. ह्याला आवाजांचा आजार आहे, तेव्हा ह्याला आवाजांचं पथ्य.

ते पथ्य तिने असं पाळलं की विचारू नका. आवाज बंद करणं हा तिचा धंदाच होता. दारावरची घंटा काढली. रेडिओ कुणाला तरी देऊन टाकला. खुर्च्यांच्या पायांना खालून जाड कापडाचे तुकडे चिकटवले. शिट्टी होते म्हणून कुकर माळ्यावर गेला आणि आई उघड्या पातेल्यात डाळ शिजवत बसली. आईला शिंक आली तर ती तोंडाला पदर लावून मागच्या गॅलरीत जायची. आणि बोलणं? बोलणं स्वयंपाकघरात, दार लोटून, कानाशी तोंड लावून. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलायचं नाही, असाही एक नियम होता. त्याचं नावसुद्धा घेत नसत, ‘तो’ म्हणत. त्याने गोळी घेतली का. तो आज बोलला का. त्याचं पुढे काय होणार.

बाहेरच्या खोलीत धाकटा बसलेला असायचा. कधी कधी तो उठून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. दोघी झटकन गप्प व्हायच्या. "पाणी हवंय का?" आई विचारायची. तो दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघायचा, हो म्हणायचा, आणि पाणी न पिताच परत जायचा. त्याचं ते दारात येऊन उभं राहणं अक्काला फार जड जायचं. हे आजारामुळेच, असं ती समजत होती.

चार वर्षांपूर्वी त्याने आपली आपण नोकरी शोधली, आणि शोधून शोधून शोधली ती पत्र्याच्या पेट्या करायच्या कारखान्यात. अक्का पत्ता बघायला म्हणून एकदा त्या गल्लीच्या तोंडाशी गेली होती. तिथपर्यंत हातोड्यांचा दणदणाट ऐकू येत होता. ती तिथूनच उलट्या पावली इस्पितळात गेली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाऊ द्या, काम चांगलं असतं. आणि खरं म्हणजे तो तिथून यायचा तेव्हा चांगला जेवायचा. अक्काने ते श्रेय नव्या गोळीला दिलं. ह्या चार वर्षांत तिला एकच धास्ती होती, मालकीणबाईंना आजाराचं कळलं तर काय. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

ह्या वर्षी उन्हाळ्यात तो पुन्हा घसरला. दोन आठवडे झोप नाही, बाहेरच्या खोलीत कानांवर हात धरून बसलेला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं प्रमाण बदललं, तो सावरला, महिन्याभरात कामावरही जायला लागला. पण अक्काने कानाला खडा लावला. चार वर्षांचा दणदणाट शेवटी भोवला, असं तिने ठरवून टाकलं. ग्रंथालयाच्या तळघरात फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावायची एक जागा रिकामी झाली होती. तिथे टाचणी पडली तरी ऐकू येते. अक्काने ग्रंथपालांकडे शब्द टाकला आणि जागा भावासाठी धरून ठेवली. उरला होता फक्त हा अर्ज.

कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक लांबट खोली. भिंतीला टेकून पेट्यांच्या उतरंडी, लहान पेटी मोठीच्या पोटात. पाच कारागीर जमिनीवर बसून काम करत होते. एक जण पत्रा कापत होता, एक कड मुडपत होता, दोघे पत्रे जोडायच्या रिबिटा ठोकत होते, आणि धाकटा अगदी मागे, पत्र्याच्या पट्ट्या कातरून कोयंडे बसवत. त्याने अक्काला पाहिलं नाही. दाराशी टेबलामागे मालकीणबाई. सत्तरीच्या, केस बारीक कापलेले, कानामागे पेन्सिल. चाळीस वर्षं हातोड्यांच्या संगतीत एक कान गेलेला आणि दुसरा जायच्या बेतात.

"कोण पाहिजे?" त्या ओरडल्या. रागाने नव्हे, त्यांचं साधं बोलणंच तसं होतं.

"मी त्याची बहीण," अक्का म्हणाली.

"काय?"

"बहीण आहे मी त्याची."

"अहो, तोंड उघडा की! इथं काय परीक्षा चाललीय?"

तिसऱ्या खेपेला कळलं. अक्काने अर्ज पुढे केला आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य बोलून टाकलं. त्याला पोटाचा जुना त्रास आहे, डॉक्टरांनी बैठं, शांत काम सांगितलंय. मालकीणबाईंनी चष्मा चढवून अर्ज वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली.

"सही कुठाय?"

"तो करील."

"आणि पोटाचं काय काढलंत? त्याला स्किझोफ्रेनिया आहे ना?"

ते शब्द छपरापर्यंत गेले. अक्काचं तोंड उतरलं. तिने घाबरून मागे पाहिलं. कुणी मान वर केली नव्हती. रिबिटा ठोकणाऱ्याने शेजाऱ्याकडे हात पसरून आणखी रिबिटा मागितल्या, एवढंच.

"त्यानंच सांगितलंय, पहिल्या दिवशी," मालकीणबाई म्हणाल्या. "म्हणाला, मला आवाज येतात, गोळ्या घेतो, महिन्यातून एक दिवस इस्पितळात जातो. मी विचारलं, कोयंडा सरळ बसवता येतो का? म्हणाला, येतो. मग बस म्हटलं."

"तुम्हाला भीती नाही वाटली? इथे कातऱ्या, हातोडे..." अक्काच्या तोंडून निघून गेलं. आईला समजावता समजावता तीही भीती तिच्यात कुठेतरी शिल्लक राहिली होती, हे तिला तेव्हा कळलं.

"ह्या कारखान्यात एकदाच हातोडा डोक्यात पडलाय. ज्यानं मारला तो ठणठणीत शहाणा होता, जामिनावर आहे अजून. तुमचा भाऊ फार तर काय करतो, पहिल्या वर्षी एकदा पेट्यांच्या मागं जाऊन बसला, तीन तास. बसू दिलं. माझा नवरा पिऊन यायचा तेव्हा मी ह्याहून मोठे तमाशे पाहिलेत. कधी कधी येतो, विचारतो, बाई, तुम्ही काही बोललात का? मी म्हणते नाही. मान हलवतो, जातो. झालं."

"पण हा गोंगाट बाधला त्याला. उन्हाळ्यात किती आजारी होता!"

मालकीणबाईंनी चष्मा काढला. "उन्हाळ्यात छपराचं काम होतं हो. पंधरा दिवस कारखाना बंद होता. तो तुमच्याकडेच होता की, घरी."

अक्काने मनात तारखा जुळवल्या. जुळल्या. तरी आजार का उलटतो ह्याचं एकच कारण नसतं, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, आणि क्षणभर तिने त्या वाक्याचा आधार घेऊन पाहिला.

"मला काय ते कळत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "त्याला विचारा. कधी विचारलंय?" आणि अक्का काही म्हणायच्या आत त्यांनी मागे तोंड करून त्याला हाक मारली.

धाकटा आला तो हातात पत्रा कापायची कातर तशीच घेऊन. अक्काची नजर कातरीवर गेली. ते त्याला दिसलं. त्याने कातर टेबलावर ठेवली, मग अर्ज उचलून वाचला. त्याचं स्वतःचं नाव, अक्काचं वळणदार अक्षर, कोरी जागा.

"तू माझी नोकरी सोडवायला आलीस?"

"तुझ्यासाठीच," अक्का पुटपुटली. "तळघरात छान शांत जागा आहे. आवाज म्हणून नाही. घरच्यासारखं."

"मोठ्यानं बोल."

"लोक आहेत..."

"मोठ्यानं बोल, अक्का. तू हळू बोललीस की तू बोलतेयस की ते, मला कळत नाही."

तो आता ओरडूनच बोलत होता, पण त्यात राग नव्हता. ह्या खोलीत सगळे तसेच बोलत होते.

"इथं सगळे ओरडतात. म्हणून हळू जे बोलतं ते खोटं, एवढं मला पक्कं माहीत असतं. मी काम करत राहतो. घरी तुम्ही दोघीही कुजबुजता आणि तेही कुजबुजतात. तेही मला ‘तो’ म्हणतात. दारात येऊन बघतो, कुणाचे ओठ हलतायत, तर तुम्ही गप्प होता. बारा वर्षं मी घरात बसून हेच करतोय, निवडत बसतोय, कुठलं तुमचं, कुठलं त्यांचं."

शेजारी एक पेटी पालथी पडली होती, अक्का तिच्यावर बसली. बारा वर्षं ज्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं, त्याला आपणच रोज संध्याकाळी दार लोटून छळत होतो. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने त्याचा गळा धरला असता. तिला रडू आलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिने दाबलं नाही.

धाकट्याने तिला रडू दिलं. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"भिंतीपलीकडच्या त्या तिघांत जी बाई आहे ना, तिचा आवाज तुझा आहे. अगदी तुझा. ती रोज म्हणते, हा गेला असता तर मी सुटले असते. तू म्हणाली होतीस का?"

आता इथे अक्काची खरी पाचावर धारण बसली. कारण ती म्हणाली होती. नऊ वर्षांपूर्वी, आईजवळ, स्वयंपाकघरात. तिला बघायला आलेले लोक भावाचं कळताच परत गेले होते, तीन रात्री इस्पितळात जागून काढल्या होत्या, आणि ओट्याला टेकून ती ते बोलून गेली होती. नंतर आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नव्हतं. नाही म्हणणं किती सोपं होतं! तो आजारी, त्याला असले भास होतात, डॉक्टरही तेच म्हणाले असते. एक ‘नाही’ म्हटलं की तिची सुटका होती. पण मग त्याने चार वर्षं ह्या दणदणाटात बसून खरंखोटं निवडायची जी रीत कमावली होती, तिच्यात तिने आपल्या हाताने खोटं माप घातलं असतं.

"हो," ती म्हणाली.

"ऐकू नाही आलं."

"हो, म्हणाले होते!" अक्का बेंबीच्या देठापासून ओरडली. चोवीस वर्षांची ग्रंथालयातली सवय त्या एका वाक्यात मोडली. "एकदा म्हणाले होते! दमले होते मी! एकदाच!"

मालकीणबाईंनी वहीत डोकं घातलं. त्यांनासुद्धा ते ऐकू गेलं होतं.

धाकट्याचा चेहरा पडेल, तो उठून जाईल, पेट्यांच्या मागे जाऊन बसेल, ह्या भीतीने अक्का जीव मुठीत धरून बसली होती. तो जागचा हलला नाही.

"एकदाच?"

"एकदाच. आईची शपथ."

"मी हजार वेळा ऐकलंय," तो म्हणाला. "म्हणजे नऊशे नव्व्याण्णव वेळा तू नव्हतीस." आणि त्याने असा श्वास सोडला की त्याचे खांदे खाली आले.

मग त्याने दुसरं विचारलं. मग तिसरं. त्याच्याजवळ बारा वर्षांचे प्रश्न साठले होते आणि विचारायला जागा मिळाली नव्हती. ह्याला इस्पितळातच ठेवू या, हे कोण म्हणालं होतं? काका, अक्का ओरडली, आणि मी त्यांना घराबाहेर काढलं. ह्याच्या डब्यात गोळी कुटून घालू? ते कुणीच नाही. हा ढोंग करतो? ते आई, पहिल्या वर्षी, तिला कळत नव्हतं तेव्हा. हा घाण आहे, ह्याला मारा? नाही रे, कधीच नाही, कुणीच नाही. अक्का एकेकाचं उत्तर देत गेली. तिचा घसा बसला. जे खरं होतं त्याला तिने एकदाही नाही म्हटलं नाही, आणि तसं फार थोडं होतं.

"आणखी एक," तो म्हणाला. "‘मला एक दिवससुद्धा झेपलं नसतं, ते हा रोज सोसतो.’ हेही तुझ्याच आवाजात आहे."

"ते मीच म्हणाले," अक्का म्हणाली. "आईला. पुष्कळदा म्हणते."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटायचं, ते माझी टिंगल करतात," तो म्हणाला.

हातोडे चालूच होते. अक्काने त्याचे पत्र्याने कापलेले, काळे पडलेले हात हातात घेतले आणि जेवढा आवाज उरला होता तेवढा काढून ते रोज सोसण्याचं वाक्य त्याच्या तोंडावर पुन्हा म्हटलं.